सरांच्या वर्गातला गिरणी कामगार

सर इंग्रजीतून मराठीत आले की आम्ही पेनांची टोपणं लावायचो. तेव्हा कॉलेजात राज्यशास्त्र इंग्रजीत शिकवायचे आणि पेपरही इंग्रजीत असायचा. त्यामुळे मराठीत जे काही सांगितलं जाईल ते परीक्षेत येणार नाही, हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तासाचा पहिला भाग राज्यघटना, संघराज्य, केंद्राचे अधिकार असा रीतसर चालायचा. मग सर खडू खाली ठेवायचे, रुमालाने बोटं पुसायचे आणि म्हणायचे, "आता पुस्तकं मिटा. मुंबई कोणाची?" की टोपणं लागायची आणि वर्ग सावरून बसायचा.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. फाउंटनचा गोळीबार होऊन गेला होता, मुंबईला गुजरातेसकट एका द्वैभाषिक राज्यात कोंबलं होतं, आणि गिरगावपासून परळपर्यंत 'झालाच पाहिजे' लिहिलेलं नाही अशी भिंत शोधावी लागली असती. सर ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहायचे. घराणं मुंबईतलं जुनं. आजोबा सरकारी कचेरीत, वडील वकील, घरात पुस्तकांची कपाटं. गोळीबारात त्यांच्या वाडीतला एक मुलगा गेला. लहानपणी तो त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला यायचा. हे सर वर्गात कधी बोलले नाहीत, आम्हाला बाहेरून कळलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे येणार आहे त्यात सर वाईट दिसतील, आणि ते वाईट नव्हते. मला आयुष्यात इतकं चांगलं दुसऱ्या कोणीही शिकवलं नाही.

शिवाय त्यांची बाजू माझीच बाजू होती. मी मोर्चात जायचो, घोषणा देऊन घसा बसवून यायचो, सरांचं एखादं वाक्य ऐकून अंगावर काटा आला की ते घरी येईपर्यंत मनात घोळवत राहायचो. विरुद्ध बाजूचा मास्तर असता तर त्याचा पक्षपात मला पहिल्याच तासाला दिसला असता. हा आपल्या बाजूचा होता, म्हणून आम्ही त्याला तळमळ म्हणायचो. ती तळमळ होतीच, पण दुसरंही काहीतरी होतं आणि ते दिसायला मला फार वेळ लागला.

पहिल्यांदा दिसलं ते माझ्याच बाकावर. माझ्या शेजारी एक गुजराती मुलगा बसायचा. भुलेश्वरात जन्मलेला. त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं, कारण माझ्या मराठीत मालवणी डोकवायची आणि त्याच्या नाही. सर मराठीत आले तरी हा पेन उघडंच ठेवायचा आणि लिहीत राहायचा. त्याला सगळंच लिहून घ्यायची खोड होती. एकदा सर म्हणाले, "उठा शेठ, तुमची बाजू मांडा. वर्गात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत." तो उठला. म्हणाला, "सर, माझे वडील मूळजी जेठा मार्केटात दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडतात. आमची बाजू नाही." वर्ग खो खो हसला. सरही हसले, आणि म्हणाले, "पाहा, शेठजी किती नम्र असतात!" तो खाली बसला. मी त्याच्याकडे बघायचं टाळून बाकावरच्या कोरलेल्या अक्षरांकडे बघत राहिलो. पुढे ती रीतच पडली. महिन्यातून एकदा तरी 'शेठ' उठायचे, काहीतरी दोन शब्द बोलायचे आणि बसायचे.

आणि मग माझी पाळी आली, पण उलट्या बाजूने. फ्रीशिपचा अर्ज सरांच्या शिफारशीने जायचा. त्यासाठी त्यांनी मला वडिलांचा धंदा विचारला. मी सांगितलं, गिरणीत, साचाखात्यात मागावर आहेत, आणि आम्ही करी रोडच्या पुलाजवळ चाळीत राहतो. सरांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "मुंबई कोणी बांधली? भांडवलाने? तो तिथे बसलाय, त्याच्या बापाने बांधली!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू, तेव्हा छाती फुगली होती. पण मग दर आठवड्याला माना वळायला लागल्या. मुंबईचं पाणी म्हटलं की मी, मुंबईचा घाम म्हटलं की मी, मुंबईतल्या खोल्यांचा अंधार म्हटलं की मी. आमच्या खोलीला चांगली खिडकी होती आणि दुपारपर्यंत ऊन यायचं, पण हे सांगायला मी कुठे उठणार? मी आणि माझा मित्र, एकाच बाकावरचे दोन दाखले झालो होतो. फरक इतकाच की त्याला हसायचे आणि मला टाळ्या मिळायच्या.

सरांना एक गोष्ट माहीत नव्हती. माझे बाबा चळवळीत नव्हते.

नुसते नव्हते असं नाही, ते पलीकडच्या बाजूला होते. बेचाळीस साली बदली कामगार असताना त्यांनी लाठी खाल्ली होती आणि तेव्हापासून डोक्यावर खादीची पांढरी टोपी चढवली होती, ती उतरवली नव्हती. ज्या पक्षाने स्वातंत्र्य आणलं तो आज ना उद्या आपल्याला महाराष्ट्रही देईल, घरातल्या माणसाकडे मागायचं ते दगड मारून मागायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं लालबाग-परळात त्या वर्षांत कोण ऐकून घेणार? पांढरी टोपी पूर्वी आमच्या चाळीत निम्म्या डोक्यांवर होती. गोळीबारानंतर ती भराभर उतरली. कोणी काळी टोपी धरली, कोणी डोकं मोकळं सोडलं. उरले एकटे बाबा. ते पाळीवरून येताना चाळीच्या तोंडाशी पोरं टपून बसायची आणि मागून येऊन टोपी उडवायची. बाबा वाकून ती उचलायचे, गुडघ्यावर झटकायचे आणि पुन्हा घालायचे. एकदा ती गटारात पडली. आईने धुतली, पेजेच्या पाण्याची खळ दिली, दोरीवर टाकली. आणि हीच आई दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांबरोबर घोषणा देत मोर्चात गेली. आमच्या खोलीतच द्वैभाषिक राज्य होतं आणि दिल्लीच्यापेक्षा ते बरं चाललं होतं.

मला मात्र त्या टोपीची लाज वाटायची. रस्त्यात बाबांबरोबर चालायची वेळ आली तर मी थोडा पुढे चालायचो. त्यांनी हे ओळखलं होतं असं मला वाटतं, कारण तेही पाय उचलून मला गाठायचा प्रयत्न करायचे नाहीत. गणपतीत माझा तो गुजराती मित्र आमच्याकडे आला होता. बाबांनी टोपी सरळ करून त्याचं स्वागत केलं, कापडाच्या पोताविषयी त्याच्याशी तासभर बोलले, मोदक आग्रहाने वाढले. तो निघाल्यावर म्हणाले, "पोरगो चांगलो आसा." कॉलेजातल्या कोणी बाबांना टोपीत पाहिलं असेल तर त्या एकट्याने.

दुसऱ्या सहामाहीत सरांच्या मनात आलं की राज्य आणि श्रम यावर एक वेगळा तास घ्यायचा, आणि त्यात खऱ्याखुऱ्या कामगाराने बोलायचं. तास संपल्यावर त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. "वडिलांना घेऊन ये. पुस्तकं पुष्कळ झाली, आता माणूस ऐकू दे यांना." मी धीर करून म्हणालो, "सर, ते चळवळीत नाहीत."

"नाहीत म्हणजे? मोर्चात जात नसतील. पाळी असते, जमत नाही."

"तसं नाही, सर. ते टोपी घालतात. पांढरी."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, जुनी सवय असते माणसाची. टोपीच्या आत काय आहे ते बघ. गिरणीत घाम गाळणारा मराठी माणूस मनाने कुठे उभा असतो, हे तू मला सांगतोस? मी वर्षभर त्यावरच बोलतोय."

मी बाबांबरोबर एका खोलीत वाढलो होतो, पण सरांकडे बाबांविषयी सिद्धांत होता. कामगार असा असूच शकत नाही, आणि असलाच तर ते त्याचं त्याला कळलेलं नाही. खरं सांगायचं तर ते ऐकताना मला थोडं बरंही वाटलं. सर म्हणतात तसेच बाबा असते तर किती बरं झालं असतं, असं माझ्या मनात कितीदा येऊन गेलं होतं.

घरी काही बोलायचं नाही असं ठरवून मी गेलो. दोन-चार दिवस ते जमलं. मग एका संध्याकाळी बाबांनी सहज विचारलं, फ्रीशिपचं काय झालं? मी वैतागून म्हणालो, त्याचं होईल तेव्हा होईल, इथे सर भलतंच मागतायत. आणि सगळं सांगून टाकलं. आई भाकरी थापत होती, ती थांबली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, ते ताठ झाले.

"फ्रीशिपच्या कागदार सही कोण करता?"

"सर करतात. पण त्याचा आणि ह्याचा संबंध नाही, बाबा. त्यांनी तसं काही म्हटलेलं नाही."

"जॉबर कधी तोंडान मागता? मागूचा लागला तर तो जॉबर कसलो?"

मी त्यांना परोपरीने सांगितलं. कॉलेज म्हणजे गिरणी नव्हे, प्रोफेसर म्हणजे जॉबर नव्हे, सर तत्त्वाचे माणूस आहेत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पण त्यांनी उमेदीची वर्षं गिरणीच्या दारात उभं राहून काढली होती. आज कोणाला काम द्यायचं आणि कोणाला परत पाठवायचं ते जॉबरच्या मर्जीवर असायचं. जॉबरच्या घरी बारसं असलं तर नारळ न्यायचा, जॉबर ज्या देवाला जातो त्या देवाला जायचं, जॉबर ज्या विनोदाला हसतो त्याला हसायचं. त्याने कधी काही मागितलं नाही. न मागता जे करत नाहीत ते दारात उभे राहायचे. आता मुलाच्या शिक्षणावर सही करणारा एक माणूस 'बापाला घेऊन ये' म्हणतो, याचा त्यांना कळण्यासारखा अर्थ एकच होता.

"येतंय मी," ते म्हणाले. "तू सांग, तुझे सर काय सांगतत. मी पाठ करतंय."

मग जे झालं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. दोन वर्षं मी बाबांशी या विषयावर भांडत होतो आणि दोन वर्षांत त्यांनी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते मांडी घालून माझ्यासमोर बसले, आणि मी बोलत गेलो. मुंबई कोणाची. समुद्र बुजवला कोणी, धूर गिळला कोणी. मी सरांच्या आवाजात बोलत होतो, हात सरांसारखे हलवत होतो. बाबा मधेच थांबवून एखादं वाक्य पुन्हा म्हणून बघायचे, चुकलं तर मी सुधारायचो. "गिळलां नाही बाबा, गिळला. धूर गिळला." ते निमूटपणे म्हणायचे, "धूर गिळला." आणि मला आनंद होत होता! आपण त्यांना मुलाच्या फीसाठी स्वतःच्या मताविरुद्ध पोपटपंची शिकवतोय हे मी साफ विसरलो होतो. मला वाटत होतं, बाबा अखेर ऐकतायत. आई चुलीपाशी आमच्याकडे पाठ फिरवून बसली होती. मोर्चात जाणारी ती, तिला खरं तर बरं वाटायला हवं होतं. तिने भाकऱ्या उतरवल्या आणि म्हणाली, "पुरे आता, जेवा." तिचा आवाज रागाचा होता आणि तो राग माझ्यावर होता.

तासाच्या दिवशी बाबांनी गिरणीत खाडा केला. मी सकाळीच कॉलेजात गेलो होतो, ते मागाहून येणार होते. सरांचा तास सुरू झाला, वर्ग नेहमीपेक्षा भरला होता, दुसऱ्या वर्गातलीही मुलं मागे उभी होती. दारात शिपाई आला, आणि त्याच्या मागे बाबा.

त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

मी त्यांना घराबाहेर कधी उघड्या डोक्याने पाहिलं नव्हतं. केस टोपीखाली राहून चपटे झालेले, आणि कपाळावर एक सरळ रेघ. रेघेच्या खाली रापलेला चेहरा, वर गोरी पट्टी. लग्नातला कोट घातला होता. कोटाचा एक खिसा फुगला होता, त्यात काय होतं ते मला लगेच कळलं. हातात कागदात बांधलेली एक पुडी होती. सर पुढे गेले, त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. बाबांनी पुडी टेबलावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. सर त्यांच्याहून वयाने लहान होते.

"कोकमं आहेत, साहेब. गावची."

"पाहा!" सर वर्गाकडे वळून म्हणाले. "रिकाम्या हाताने येत नाही हा माणूस." टाळ्या पडल्या. वर्गाला त्या पुडीत कोकणी माणसाचं प्रेम दिसलं. मला जॉबरच्या दारात जाणारी पुडी दिसत होती. मला वाटलं, बाक फाटावा आणि मी आत जावं.

बाबा बोलायला उभे राहिले. सुरुवात चांगली केली. एरवी ते मालवणी सोडत नसत, पण त्या दिवशी त्यांनी माझं मराठी बोलायचं ठरवलं होतं. "मुंबई कोणाची? समुद्र बुजवला कोणी? धूर गिळला कोणी?" सर मान डोलावत होते. आपलीच वाक्यं आपल्याकडे परत येतायत हे त्यांना ओळखू आलं नाही, की ओळखू येऊनही ती खरी झाल्यासारखी वाटली, मला सांगता येणार नाही. अर्ध्यात बाबा अडले. पुढचं आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाठ चुकलेला मुलगा मास्तरांकडे बघतो तसं, सबंध वर्गासमोर, माझ्या बापाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी ओठ हलवून त्यांना पुढचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते म्हटलं. माझ्या शेजारच्या मित्राने माझे ओठ पाहिले. त्याने पेनाचं टोपण लावलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि पेन खिशात ठेवलं.

भाषण संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा बसायला निघाले. पण सर रंगात आले होते. "थांबा, थांबा. एक सांगा. तुमच्या चाळीत आता टोपीवाला कोणी उरलाय का?"

याचं उत्तर आम्ही बसवलेलं नव्हतं. बाबांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि परत आला.

"एक आसा," ते म्हणाले. नकळत मालवणीत आले होते.

"एकच! आणि लोक काय म्हणतात त्याला?"

"हसतत."

वर्ग हसला. मागून कोणीतरी शिटी मारली.

"आणि पोरं?"

"पोरां तेची टोपी उडवतत."

आता हसण्याचा नुसता गदारोळ झाला. सर टेबलाला धरून हसत होते. हशा ओसरायची वाट बघत बाबा उभे होते, तेही थोडे हसत होते. मग ते हळूच म्हणाले, "तो परत घालता." पण ते पहिल्या दोन बाकांपलीकडे ऐकू गेलं नसेल. मी ओठांवरून ओळखलं. सगळ्या वर्गात हसत नव्हतो ते आम्ही दोघे दाखलेच. मी उठून 'तो माणूस हाच आहे' असं का म्हटलं नाही, असा प्रश्न पुढे मला पुष्कळ वर्षांनी माझ्या बायकोने विचारला. म्हणालो असतो तर बाबांनी टोपी उतरवली होती ती फुकट गेली असती. हे उत्तर खरं आहे. माझ्या अंगात उठायचं त्राण नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

तास संपल्यावर सर आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय सांगत होतास तू मला? टोपीसुद्धा उतरवलीय त्यांनी. स्वतःच्या बापाला ओळखलं नाहीस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, आणि म्हणून मला जास्त लाज वाटली. बाबा खालच्या पायरीवर थांबले होते. त्यांनी हात जोडले.

"साहेब, पोराच्या त्या फ्रीशिपचं..."

"फ्रीशिप?" सरांना क्षणभर आठवेना. "ती होय! ती मी कधीच सही करून ऑफिसात दिली. मागच्या महिन्यातच. तिची काळजी करू नका हो, असा मुलगा आहे तुमचा!"

बाबांनी जोडलेले हात खाली घेतले. मी त्यांच्याकडे बघायला धजलो नाही.

"बरा झाला," ते म्हणाले.

ट्राममध्ये आम्ही शेजारी बसलो. मी खिडकीबाहेर बघत होतो. रागावलो होतो, पण कोणावर ते ठरत नव्हतं. सरांवर म्हणावं तर त्यांनी काहीही मागितलं नव्हतं. सही तर आधीच होऊन गेली होती. बाबांवर म्हणावं तर ते चुकले होते, पण त्यांची चूक त्यांना गिरणीने शिकवली होती. राहता राहिलो मी. पुढे मी स्वतः कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा बोलता बोलता मुलांकडे लक्ष ठेवायचो. कोणाचं टोपण लागलेलं दिसलं की माझी जीभ अडखळायची. सहकारी म्हणायचे, तुम्ही फार कोरडं शिकवता. शिकवत असेन.

लालबागला ट्राममधून उतरलो. करी रोडच्या बाजूला चालायला लागलो. चाळीच्या अलीकडच्या वळणावर बाबा थांबले. त्यांनी खिशातून टोपी काढली. दिवसभर घडी होऊन तिची खळ मोडली होती. दोन्ही हातांनी ती उघडली आणि डोक्यावर चढवली.

मला राहवलं नाही. "आता कशाला, बाबा? आता काढलीच आहे तर राहू दे की. इथे पोरं बसली असतील."

"म्हणान तर," बाबा म्हणाले. "थय तुझा काम होता. हय माझा आसा."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पानवाल्याचा आरसा लांब होता. मग माझ्याकडे वळून त्यांनी मान थोडी खाली केली.

"सरळ आसा?"

सरळ नव्हती. डाव्या बाजूला कलली होती. मी हात पुढे केला आणि ती सरळ केली. कपाळावरची रेघ टोपीच्या कडेला बरोबर लागली. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्या क्षणी माझ्या मनात आलं, आज यांच्या बरोबरीने चालायचं, खांद्याला खांदा लावून, पोरांना काय करायचं ते करू दे.

आम्ही वळण घेतलं. चाळीच्या तोंडाशी पोरं होती. त्यांनी टोपी पाहिली आणि पहिली शिटी आली. आणि माझे पाय आपोआप उचलले गेले. मी पुढे झालो. बाबांनी मला गाठायचा प्रयत्न केला नाही.